मुलगा गे आहे ते पचलं, पण कॉमेडी?

ताई, नमस्कार. आम्ही मूळचे सांगलीचे, बरीच वर्षं न्यू जर्सीत एडिसनला आहोत. मुलगा २१ वर्षांचा, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत शेवटच्या वर्षाला. प्री-मेडचे सगळे विषय घेतले होते, एमकॅटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा, अभ्यासही चालू होता. दोन वर्षांपूर्वी त्याने आम्हाला सांगितलं की तो गे आहे. ह्यांनी तीन महिने अबोला धरला, मी खूप रडले, पण शेवटी आम्ही ते पचवलं. आता म्हणतो, मेडिकलचे अर्ज भरणार नाही. कॉमेडी करायची, लिहायचं, जमलं तर अभिनय. मागच्या महिन्यात मंडळातल्या एका बाईंनी मला त्याची चार मिनिटांची क्लिप व्हॉट्सॲपवर पाठवली. त्यात तो माझी नक्कल करतोय. त्याने आम्हाला ते सांगितलं तेव्हा मी पहिलं वाक्य काय बोलले, तर "आधी जेवून घे, मग बोलू." मी खरंच तसं म्हणाले होते. लोक खो खो हसतायत. मला लाज वाटली आणि रागही आला. ह्यांचं म्हणणं, त्या धंद्यात पैसा नाही आणि गे म्हणून त्याला जन्मभर एकाच छापाची कामं मिळणार. तो सारखं टीव्हीवरच्या त्या गे कॉमेडियनचं, बोवेन यांगचं उदाहरण देतो. सांगलीला सासूबाई आहेत, ८४ वर्षांच्या. त्यांना यातलं काहीच माहीत नाही. मी काय करू?
– एक आई, न्यू जर्सी

ताई,

रागावू नका, पण "आधी जेवून घे, मग बोलू" वाचून मीही हसले. पोरगं आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट सांगतंय आणि आई ताट वाढतेय. तुम्ही त्या क्षणी हात झटकले नाहीत, देवघरात जाऊन बसला नाहीत, "लोक काय म्हणतील" म्हणाला नाहीत. हे तुमच्या मुलाला पक्कं कळलंय, म्हणून तर ते वाक्य त्याने जपून ठेवलं. क्लिपकडे मी परत येणार आहे, कारण खरी ठसठस तिथेच आहे. पण तुमच्या पत्रात तीन-चार चिंता एकमेकींच्या पदराला गाठ मारून बसल्यात, त्या आधी सोडवू.

सुरुवात बोवेन यांगपासून. मुलं अशी उदाहरणं देतात तेव्हा गोष्टीचं शेवटचं पान वाचून देतात. मधली पानं आईबापांनी वाचायची असतात, आणि ती बरीच उपयोगाची आहेत.

यांगचा जन्म १९९० चा, ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचा. आईवडील चीनमधून आलेले. वडील खाणकामातल्या स्फोटकांचे तज्ज्ञ, आई चीनमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ होती. कुटुंब पुढे कॅनडात आणि मग अमेरिकेत कोलोरॅडोला गेलं. घराचं चित्र तुमच्या डोळ्यांसमोर लगेच उभं राहील: शिकलेले, कष्टाळू, परदेशात सगळं नव्याने उभारलेले आईबाप आणि हुशार मुलगा. तो सतरा वर्षांचा असताना घरच्यांनी त्याचं कॉम्प्युटरवरचं चॅट वाचलं आणि तो गे असल्याचं त्यांना कळलं. त्यांनी त्याला समलैंगिकता "बरी" करणाऱ्या समुपदेशकाकडे पाठवलं. असल्या उपचारांना वैद्यकशास्त्रात काहीही आधार नाही आणि त्यांनी नुकसानच होतं, हे आज अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या आणि मानसशास्त्रज्ञांच्या सगळ्या मोठ्या संघटना सांगतात. तुमच्याकडे तीन महिन्यांचा अबोला झाला. त्याचं समर्थन मी करणार नाही, पण त्या मानाने तुमचा मुलगा सुखरूप सुटला म्हणायचं.

पुढे यांग तुमच्या मुलाच्याच युनिव्हर्सिटीत आला. केमिस्ट्री घेतली, डोक्यात डॉक्टरकी होती, आणि तिथल्या इम्प्रॉव्हच्या, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तो विनोद करणाऱ्या, ग्रुपमध्ये शिरला. २०१२ मध्ये पदवी मिळाली. पदवी पूर्ण केली, हे तुमच्या चिरंजीवांना जरा मोठ्याने वाचून दाखवा.

आता मधली पानं. २०१२ पासून २०१८ पर्यंत हा माणूस न्यूयॉर्कमध्ये ग्राफिक डिझायनर म्हणून नोकरी करत होता आणि रात्री छोट्या छोट्या जागांमध्ये शो करत होता. २०१६ मध्ये कॉलेजपासूनचा मित्र मॅट रॉजर्स याच्याबरोबर पॉडकास्ट सुरू केला, तोही आधी हौसेखातरच. जवळपास सहा वर्षं. त्या काळात कुणाच्या आईने मंडळात अभिमानाने सांगावं असं फारसं काही घडलं नव्हतं. मग २०१८ मध्ये 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या अमेरिकेतल्या नावाजलेल्या विनोदी टीव्ही कार्यक्रमाने त्याला घेतलं, आणि घेतलं ते लेखक म्हणून. पडद्यावर नाही. पडद्यावरच्या नियमित चमूत तो २०१९ च्या सप्टेंबरात आला. त्या चमूतला तो पहिला चिनी-अमेरिकन कलाकार. (त्याच घोषणेत आणखी एका नव्या कलाकाराचं नाव होतं. चिनी लोकांबद्दल तो पूर्वी काय काय बोलला होता ते बाहेर आलं आणि चार-पाच दिवसांत त्याला काढावं लागलं. घोषणेनंतरचा पहिला आठवडा असा गेला बिचाऱ्या यांगचा.)

लेखक म्हणून आधी घेतलं, या गोष्टीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या प्रश्नाचं माझ्यापाशी जे काही उत्तर आहे ते तिथेच आहे.

त्या कार्यक्रमाचा आठवडा कसा जातो बघा. सोमवारी त्या आठवड्याच्या पाहुण्यासमोर सगळ्यांनी कल्पना मांडायच्या. मंगळवारी लिहायला बसायचं ते बुधवारची सकाळ उजाडेपर्यंत. बुधवारी सगळे टेबलाभोवती बसतात आणि चाळीसेक स्किट्स एकामागून एक वाचली जातात. त्यातली बहुतेक तिथेच मरतात. जी उरतात त्यांचे सेट दोन दिवसांत उभे राहतात. शनिवारी रात्री आठला प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम होते, तिथे हशा कमी पडला की आणखी काही कापली जातात, आणि साडेअकराला थेट प्रक्षेपण. सोमवारी परत कोरा कागद. डॉक्टरकीच्या इंटर्नशिपइतकीच झोप मिळत असेल. म्हणजे मुलगा "मजा करायला" निघालाय असं ह्यांना वाटत असेल तर तो गैरसमज काढून टाका.

आणि या गिरणीत टिकतो कोण? ज्याला लिहिता येतं तो. चेहरा, आवाज, टायमिंग या गोष्टी लागतातच, पण त्यांच्यावर दुसऱ्या कुणाची तरी मेहेरबानी लागते: कुणीतरी भूमिका लिहायला हवी, कुणीतरी निवडायला हवं. लिहिणाऱ्याला निदान मंगळवारी रात्री कुणाची परवानगी लागत नाही.

ह्यांची जी शंका आहे, गे म्हणून एकाच छापाची कामं मिळतील, ती खोटी नाही. त्या शंकेला इतिहास आहे. याच कार्यक्रमात १९८५ मध्ये टेरी स्वीनी नावाचा कलाकार आला. आपण गे आहोत हे न लपवता त्या चमूत आलेला तो पहिला. तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी नॅन्सी रेगन, त्यांची नक्कल तो फार झकास करायचा. एड्सच्या भीतीने देश गोठलेला होता तो काळ. एका आठवड्याच्या पाहुण्याने म्हणे सुचवलं की याला एड्स झालाय असं दाखवू आणि दर आठवड्याला याचं वजन करू. स्वीनीनेच हे नंतर सांगितलं. तो त्या चमूत एकच वर्ष राहिला. आपल्याकडेही फार वेगळं नाही. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात पुरुष साडी नेसून कमरेला झटके देत आला की हशा हमखास, आणि "तसला" म्हणून ज्याची टर उडवायची त्याला लेखक नावसुद्धा देत नाही.

आता २०२१ च्या एप्रिलमध्ये या. टायटॅनिक बुडाल्याच्या तारखेच्या आसपासचा शनिवार. त्या कार्यक्रमात बातम्यांचं विडंबन करणारा एक भाग असतो. तिथे यांग डोक्यावर भलामोठा हिमनग घालून येतो. तो आहे टायटॅनिक बुडवणारा हिमनग. पण त्याला त्या विषयावर बोलायचंच नाहीये. तो आलाय स्वतःच्या नव्या गाण्यांच्या अल्बमची जाहिरात करायला. निवेदक पुन्हा पुन्हा त्या रात्रीकडे वळतो आणि हिमनग पुन्हा पुन्हा चिडतो: आधी ठरलं होतं ना हे विचारायचं नाही म्हणून! वर आणि त्याचं म्हणणं, जहाज माझ्यावर येऊन आदळलं. कुठल्याही वादात सापडलेल्या सेलिब्रिटीची मुलाखत आठवा: तो दुखावलेला चेहरा, ती घोटवलेली वाक्यं, मध्येच सुटणारा तोल. हे स्किट त्याने एका सहकारी लेखिकेबरोबर लिहिलेलं. त्यात गे असण्याबद्दल एक अक्षर नाही, चिनी असण्याबद्दल नाही. तरी मान वेळावण्याची, शब्द चावून बोलण्याची ती जी नजाकत आहे ती न्यूयॉर्कच्या गे क्लबांमधूनच आलेली आहे, हे बघणाऱ्याला कळतं. त्याच वर्षी त्याला एमी या टीव्हीच्या मोठ्या पुरस्काराचं नामांकन मिळालं. छाप त्याच्यावर होताच. त्याने तो हिमनगावर मारला.

म्हणून "गे भूमिका मिळतील की साध्या" हा प्रश्न मी तुमच्या जागी असते तर विचारलाच नसता. २०२२ मध्ये जोएल किम बूस्टर या गे कॉमेडियनने स्वतः एक सिनेमा लिहिला, त्यात स्वतःसाठी आणि मित्र यांगसाठी भूमिका लिहिल्या आणि दोघांनी त्या केल्या. त्यांना तशी भूमिका कुणी आणून देणार नव्हतं. मात्र सगळं गोडगोड नाही हेही ऐका. त्याच वर्षी बिली आइकनर या गे कॉमेडियनने सहलेखन करून मुख्य भूमिका केलेला एक मोठा प्रेमपट युनिव्हर्सल स्टुडिओने काढला. यांग त्यातही होता. सुमारे २.२ कोटी डॉलर खर्च आणि पहिल्या शनिवार-रविवारची कमाई जेमतेम ४८ लाख. समीक्षा चांगल्या आल्या, प्रेक्षक आले नाहीत. भूमिका लिहिणं लेखकाच्या हातात आहे, तिकिटं खपवणं नाही.

तेव्हा मुलाला "यात तुला यश मिळेल का?" असं विचारू नका. या प्रश्नावर कुठलाही एकवीस वर्षांचा मुलगा खोटंच बोलेल. त्याला विचारा, "गेल्या महिन्यात काय काय लिहिलंस?" वही दाखव म्हणू नका, नुसतं विचारा. उत्तर ऐकूनच तुम्हाला कळेल. लिहिणारा मुलगा तक्रार करायला लागतो: हे जमत नाहीये, तो शेवट पडतोय, ते कापायला लागलं. न लिहिणारा मुलगा संपर्क, एजंट आणि फॉलोअर्सबद्दल बोलतो.

पैशाचं बोलू. धंदा बेभरवशाचा आहे, यात ह्यांची काही चूक नाही. २०२३ मध्ये आधी लेखकांनी आणि मग अभिनेत्यांनी संप केला. लेखकांचा संप मे ते सप्टेंबर चालला, अभिनेत्यांचा जुलै ते नोव्हेंबर. तेवढे महिने नावाजलेल्या लोकांचीही कमाई बंद होती. सुरुवातीला तर उलटच असतं: इम्प्रॉव्हच्या क्लासची फी आपण भरायची आणि स्टेजवर फुकट उभं राहायचं. पण तुमची परिस्थिती वाटते तितकी वाईट नाही. तुमच्या नोकरीचा आरोग्यविमा असेल तर अमेरिकन कायद्याने मुलगा २६ वर्षांचा होईपर्यंत त्यावर राहू शकतो. मेडिकलला पदवीनंतर लगेच गेलं नाही तर दार बंद, हा आपल्याकडचा हिशेब तिथे लागू नाही. तिथे हल्ली बहुतेक मुलं एखाद-दोन वर्षं थांबूनच मेडिकलला जातात. एमकॅटचे मार्क मात्र अनेक कॉलेजं दोन-तीन वर्षांपुरतेच धरतात. त्यामुळे "परीक्षा देऊन ठेव, म्हणजे झालं" असा आग्रह धरू नका. नको असलेली परीक्षा देऊन ठेवलेले मार्क दोन वर्षांत शिळे होणार आणि तुमच्यातला वाद तेवढा ताजा राहणार.

तुम्हाला कुणीतरी सांगेलच, त्याला दोन वर्षांची मुदत द्या. देऊ नका. यांगला दोन वर्षांची मुदत असती तर २०१४ मध्ये तो गुपचूप मेडिकलचे अर्ज भरत बसला असता. मुदत द्यायची तर तुमच्या पैशाला द्या. पदवीनंतर भाड्याला किती मदत करणार, किती महिने, हे तुम्ही आणि ह्यांनी आधी आपसात ठरवा आणि त्याला सरळ आकडा सांगा. मग नोकरी कुठली करायची, रात्री काय करायचं, ते त्याचं तो बघेल. ग्राफिक डिझाइन नाही तर दुसरं काही. प्री-मेडचे विषय शिकलेल्या मुलाला प्रयोगशाळेत किंवा शिकवण्यांमध्ये पोटापुरतं काम नक्की मिळेल.

आणि एक गोष्ट आईने डोळ्यांत तेल घालून बघावी. २०२३ मध्ये यांगने मानसिक त्रास होतोय असं उघड सांगून पॉडकास्टमधून काही दिवस रजा घेतली होती. तोवर नाव, पैसा, नामांकनं सगळं झालं होतं. रात्री उशिरापर्यंत चालणारा, रोज अनोळखी लोकांकडून पसंती मागणारा हा धंदा आहे. फोनवर "शो कसा झाला?" विचारण्याआधी "झोपलास का?" विचारा. "जेवलास का?" तर तुम्ही विचारणारच.

आता क्लिप.

ती एकदा एकटीने बसून परत बघा. मंडळातल्या बाईंच्या मेसेजखाली नको, वेगळी उघडून. आणि नीट बघा की लोक कशाला हसतायत. तुमच्या वाक्याला, की तुमच्या उच्चारांना? या दोन्हींत फार फरक आहे. आईवडिलांच्या इंग्रजीची नक्कल हा अमेरिकेत वाढलेल्या मुलांचा सगळ्यात स्वस्त हशा आहे. 'व्ही'चा 'डब्ल्यू' केला की काम झालं, त्याला ना लिहावं लागत ना विचार करावा लागत. तसं असेल तर त्याला फोन करून स्पष्ट सांगा: माझं वाक्य ठेव, माझा उच्चार काढ. वाक्यात विनोद आहे, उच्चारात नाही. आई म्हणून तर सांगाच, पण प्रेक्षक म्हणूनही सांगा. चांगला लेखक असेल तर त्याला ते पटेल आणि कदाचित चार मिनिटांची क्लिप तीन मिनिटांची होऊन जास्त चांगली होईल. "आम्हाला त्यात घेऊच नको" असं मात्र म्हणू नका. त्याच्या आयुष्यात तुम्ही आहात, तेव्हा तुम्ही त्यात येणारच. वापरण्याआधी एकदा ऐकवायचं, एवढी मागणी रास्त आहे.

काही गोष्टी लोणच्यासारख्या मुरू द्याव्या लागतात, हेही त्याला सांगा. यांगने त्या समुपदेशकाची हकिकत जगाला मोकळेपणाने सांगितली ती २०२० मध्ये, एका मोठ्या वृत्तपत्राच्या मुलाखतीत. घटनेनंतर डझनभर वर्षांनी. तोवर आईवडीलही बरंच अंतर चालून आलेले होते, आणि तो त्यांच्याबद्दल कडवटपणाने बोलला नाही. तुमच्या घरातला तीन महिन्यांचा अबोला अजून ओला आहे. तो त्याने इतक्यात स्टेजवर नेऊ नये, असं मला वाटतं. नेला तर ह्यांना ते सोसणार नाही, आणि खरं सांगायचं तर विनोदही चांगला होणार नाही.

पण ताई, एक अडचणीचा प्रश्न विचारते. लाज नकलेची वाटली, की मंडळाला कळलं याची? तुम्ही लिहिलंय की ते पचवलं. घरात पचवलं असेल. पण दोन वर्षांत मंडळात कुणाला सांगितलेलं दिसत नाही, नाहीतर त्या बाईंनी क्लिप पाठवली तेव्हा तुमच्या पोटात गोळा आला नसता. तुमचा मुलगा अनोळखी माणसांसमोर माइक हातात घेऊन जे सहज सांगतो ते तुम्ही गणपतीच्या प्रसादाच्या रांगेत दहा वर्षं जुन्या मैत्रिणीला सांगू शकत नाही. हे मी टोचायला लिहीत नाही. त्याला दोन वर्षांपूर्वी जे धाडस करावं लागलं ते आता तुमच्या वाट्याला आलंय, आणि क्लिपने ते निम्मं करून टाकलंय. त्या बाईंना उत्तर पाठवा: "हो, माझाच मुलगा. पुढचा शो कधी आहे ते कळवते." त्यांच्याकडून काय उत्तर येतं ते बघा. बऱ्याचदा त्याच बायकांच्या घरात असं काहीतरी झाकलेलं असतं.

ह्यांना क्लिप दाखवू नका. त्यांना शोला घेऊन जा. मुलाला आधी सांगून जा, गपचूप मागच्या खुर्चीत बसून त्याला धक्का देऊ नका. एडिसनहून गाडीने न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला तासाभरात पोचाल. फोनवरची नक्कल आणि खोलीभर माणसं हसत असताना समोर उभा असलेला आपला मुलगा, यांत किती अंतर आहे ते त्यांचं त्यांना बघू दे. त्यांना तो आवडलाच पाहिजे असं नाही. परत येताना गाडीत ते काही बोलले नाहीत तरी चालेल. मात्र हा अबोला पुढे घरापर्यंत येऊ देऊ नका.

राहिल्या सासूबाई. तुम्ही सांगलीच्या माणसांनी मुलगा स्टेजवर गेला म्हणून एवढं हबकावं याची मला गंमत वाटते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' केलं ते तुमच्याच गावात. बालगंधर्व जन्मले ते नागठाण्याला, तुमच्याच जिल्ह्यात. ८४ वर्षांच्या बाईंनी त्यांची पदं रेडिओवर ऐकली नसतील असं होणार नाही. नाटक-तमाशाचं त्यांना तुमच्यापेक्षा कमी वावडं निघेल, अशी माझी अटकळ आहे. तो गे असल्याचं मात्र तुम्ही सांगूही नका आणि त्याला "आजीला कळता कामा नये" असंही बजावू नका. ती गोष्ट त्याची आहे. फक्त एवढं त्याच्या कानावर घाला की मंडळातून सांगलीला क्लिप पोचायला फार दिवस लागत नाहीत. आजीने ती एखाद्या भाचेसुनेच्या फोनवर बघण्यापेक्षा त्याने आधी स्वतः फोन केलेला बरा. मराठीत, आणि त्यांची दुपारची झोप झाल्यावर. त्या बहुतेक लग्नाचं विचारतील. त्यावर काय बोलायचं ते त्याने आधीच लिहून ठेवलं असेल.